सोलापूरचा किल्ला आणि मलिक अंबर



सोलापूरचा भुईकोट किल्ला मुलांना दाखविताना मलिक अंबराचे नाव अवश्य सांगावे. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून अनेकदा विकला जाऊन अखेर दख्खनेत आला. पुढे तो निजामशाहीचा पेशवा झाला. त्याने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे शहर वसविले. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविला. १६२४ साली भातवडीस मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला आणि त्यानंतर सोलापूरही जिंकून घेतले.

वर्गात एखाद्या मुलास वर्णावरून चिडविले जात असेल, तर त्या दिवशी हाच धडा घ्यावा. रंगावरून माणसाची योग्यता ठरत नाही, हे मुलांना उपदेशावाचून पटेल.