गणांचा नायक आणि त्याच्या हातातील अंकुश

भाद्रपद आला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत चौकाचौकांत मंडप उभे राहतात. मूर्ती सर्वांच्या परिचयाची असते. तिचा अर्थ मात्र गजरात हरवतो.

गणपती म्हणजे गणांचा, समूहाचा नायक. मानवगृह्यसूत्रातील विनायक हे विघ्ने आणणारे, शांत करावे लागणारे आहेत. पुढे तोच विनायक विघ्नहर्ता झाला आणि अग्रपूजेचा मानकरी ठरला. ज्याचे भय वाटे, त्यालाच पहिला मान द्यावा लागला.

आता रूप पाहावे. कान सुपासारखे, म्हणून तो शूर्पकर्ण. सूप हे राबणाऱ्या स्त्रीचे साधन. ते फोलपट उडवते, दाणा राखते. ऐकावे सर्वांचे, राखावे सत्त्व. प्रचंड देहाचे वाहन उंदीर. मोठ्यांचा भार लहानच वाहतात, याचे ते स्मरण. परंतु सर्वांत अर्थपूर्ण आहे तो अंकुश. हत्तीला आवरण्याचे ते माहुताचे साधन. येथे मस्तक हत्तीचे आणि अंकुशही त्याच्याच हाती! सामर्थ्याने स्वतःला आवरावे, हीच नायकत्वाची अट.

लोकमान्य टिळकांनी 1893 पासून या उत्सवाच्या सार्वजनिक रूपाला बळ दिले. पण या 'गणा'त कोण, हा प्रश्न उरलाच. 1926 साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा, असा आग्रह प्रबोधनकार ठाकरे यांनी धरला, तेव्हा 'सार्वजनिक' या शब्दाचीच कसोटी लागली. लोकांना एकत्र आणण्याचे या दैवताचे सामर्थ्य डोंबिवलीनेही पाहिले आहे. 1999 साली तेथील गणेश मंदिर संस्थानाने काढलेली गुढीपाडव्याची शोभायात्रा पुढे अनेक शहरांनी स्वीकारली.

म्हणूनच हे क्षेत्र थैलीशाहीच्या हवाली करून दूर उभे राहणे, हा शहाणपणा नव्हे. कमानीवर पुढाऱ्याचे चित्र मूर्तीहून मोठे होते आणि शूर्पकर्णाच्या पुढ्यातच ध्वनिक्षेपकामुळे कोणाचे काही ऐकू येत नाही, तेव्हा अंकुश सुटलेला असतो. कार्यकर्त्यांनी मंडळांत शिरावे, वर्गणीचा हिशेब मंडपाच्या दारी लावण्याचा आग्रह धरावा, विसर्जनानंतर तलाव उपसणाऱ्या सफाई कामगाराच्या हाती आरतीचे तबक द्यावे. आणि तोच अंकुश पक्षाच्या नेतृत्वानेही स्वतःच्या हाती धरावा. नायक गणांचा असतो. गण नायकाचे नसतात.