उद्योग आणि निर्णयाचें धैर्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या मेळाव्यांतील भाषण)



मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायांतील तिसऱ्या चाकराकडे आज आपलें लक्ष वेधण्याची आमची इच्छा आहे. त्याच्या हातीं एक तालांत होता. म्हणजे 6000 दिनार, मजुराची सुमारें वीस वर्षांची मजुरी. त्यानें तें धन उधळलें नाहीं, चोरलें नाहीं. जमिनींत पुरून जसेंच्या तसें परत केलें. तरीहि धनी कोपला. चाकर भ्याला होता.

हें भय जिंकणारा पुरुष महाराष्ट्रानें पाहिलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून बेळगांवीं आले. प्रथम सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचीं यंत्रें, मग लोखंडी नांगर. लोखंडानें जमिनीस विष बाधतें अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर विकावयास दोन वर्षें लागलीं. पुढें बेळगांवची जागाहि सोडावी लागली, तेव्हां 1910 सालीं त्यांनीं औंध संस्थानांतील कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगानें व सर्पांनीं भरलेला माळ पत्करला. तीच किर्लोस्करवाडी.

इतकें दूर तरी कशाला जावें? 1918 सालीं, इन्फ्लुएंझाच्या साथीनें मुंबई इलाख्यांत हाहाकार उडविला त्याच वर्षीं, मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनीं आपल्या वसईंत पतपेढी स्थापिली. बसीन कॅथॉलिक बँक ती हीच. दिवस बरे येईपर्यंत थांबूं, असें ते म्हणाले नाहींत.

धैर्य म्हणजे अविचार मात्र नव्हे. बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हेंहि प्रभूनेंच शिकविलें आहे. पण हिशेब पुरा झाल्यावर बसूनच राहणें, हा आपल्या वाड्यांतला जुना रोग. केळीचा घड कापण्याचा दिवस चुकविला, तर काय होतें हें तुम्हांस आम्हीं सांगावयास नको.

आतां एक कबुली. कांहीं वर्षांपूर्वीं एक तरुण फुलझाडांच्या रोपवाटिकेचा हिशेब वहींत मांडून आमच्याकडे आला होता. पैसे नकोत, सल्ला हवा, असें तो म्हणाला. आम्हीं पहिलें पान पाहिलें आणि नोकरी सोडूं नको म्हणून सांगितलें. त्यानें मुकाट्यानें मानलें. वाडी अद्याप पडीक आहे. भ्यालों तें आम्ही, तो नव्हे.

तो आज या मंडपांत आहे. नांव घेत नाहीं. वही जवळ असल्यास आज सायंकाळच्या प्रार्थनेनंतर ती घेऊन त्यानें यावें. या खेपेस आम्ही ती शेवटच्या पानापर्यंत वाचूं.