इतिहासाची वही व माळ्यावरचे दप्तर
(जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



देवळाच्या मांडवात शाळेच्या प्रकल्पाचा विषय निघाला म्हणून कोणी नवल करू नये. जीर्णोद्धार निघाला की कोठ्या व माळे रिकामे होतात, आणि नेमका तेव्हाच गावाचा इतिहास रद्दीच्या पोत्यात जातो.

आपल्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे सन १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. अंमल निजामाचा होता. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ याच शाळेत मुख्याध्यापक होते. मुलांना इतिहासाच्या प्रकल्पासाठी याहून जवळचा विषय तो कोणता? पण होते असे की, मोबाईलवरचे दोन परिच्छेद उतरवायचे, वर स्वामीजींचे चित्र चिकटवायचे, की झाली वही पुरी. गुणही मिळतात, हे विशेष!

वास्तविक शोध दोन तऱ्हेच्या साधनांतून घ्यावा लागतो. त्या वेळचे हजेरीपट, पत्रे, जमाखर्चाच्या वह्या ही अस्सल साधने. सन १९७२ चे जिल्हा गॅझेटियर किंवा अनंत भालेराव यांचा मुक्तिसंग्रामावरील ग्रंथ ही दुय्यम. दुय्यम म्हणजे कमी प्रतीची नव्हेत. वाट तीच दाखवितात, म्हणून आधी तीच वाचावीत. स्वामीजींच्या इंग्रजी आठवणी १९६७ साली प्रसिद्ध झाल्या. लिहिणारा स्वतः त्या घटनांतला, म्हणून त्या अस्सल खऱ्या. परंतु हिप्परगा सोडून तोवर तीस वर्षे उलटली होती. तेव्हा तारखा कागदाशी ताडून घ्याव्यात.

आता खरी अडचण. संन्यासापूर्वीच्या जुन्या कागदात ‘रामानंद तीर्थ’ हे नाव शोधणारा मुलगा रिकाम्या हाताने परत येईल. संन्यास घेण्यापूर्वी ते व्यंकटेश खेडगीकर होते. पुढे ते अंबाजोगाईस गेले, पण निजामी कागदात ते गाव मोमिनाबाद. सन फसली असतो. त्यात ५९० मिळवावेत, जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९१. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८ होय. लोहारा तालुका झाला १९९९ साली. त्याआधीचे दप्तर जुन्या तालुक्याच्या नावाने मागावे, नाही तर ‘आढळून येत नाही’ असा शेरा ठरलेला. सरकारी कागद उर्दूत, घरचे बहुधा मोडीत. वाचता येत नाही म्हणून ते टाकाऊ ठरत नाहीत. मोडी शिकता येते आणि उर्दू वाचणारे शेजारी गावात आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूरसारख्या गावांत माणसे गेली, घरे गेली, तेथे कागदांची काय कथा! त्यातून जे वाचले ते तरी वाळवीला देऊ नये. मुक्तिसंग्राम डोळ्यांनी पाहिलेली माणसेही आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. मुलांनी त्यांच्यापाशी वही घेऊन याच दिवाळीच्या सुट्टीत बसावे. सांगणाऱ्याचे नाव, वय व तारीख लिहावी, आणि ऐकलेले व स्वतः पाहिलेले वेगवेगळे टिपावे.

देवस्थान समितीस एक विनंती आहे. जुन्या दगडावर अक्षरे असतील तर ऑइलपेंट देण्यापूर्वी फोटो घ्यावेत. वर्गणीच्या जुन्या वह्या कोरड्या जागी, कापडात बांधून ठेवाव्यात व कोणी मुलगा-मुलगी पाहावयास आली तर समितीच्या माणसासमोर तेथेच उतरवून घेऊ द्याव्यात. वही मात्र घरी देऊ नये.