हयात संगीतकारांची बैठक
(महोत्सवी बैठकीच्या आरंभी केलेले भाषण)



आत तंबोरे जुळत आहेत, तेव्हा मी आपला फार वेळ घेणार नाही. आजच्या पत्रिकेत प्रत्येक रचनेपुढे ती बांधणाऱ्याचे नाव छापले आहे. ही सारी मंडळी हयात असून त्यांतील काही येथे आपल्यातच बसली आहेत. हे पाहून काही वडीलधाऱ्यांनी मला विचारले, "अहो, सर्वांना ठाऊक असलेली जुनी पदेच ठेवली असती तर काय बिघडले असते?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याची कामगिरी विश्वस्तांनी मजकडे सोपविली आहे.

आपण ज्याला जुने म्हणतो ते एके काळी नवेच होते. १९१६ साली 'संगीत स्वयंवर' रंगभूमीवर आले, तेव्हा भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या चाली प्रेक्षकांना नव्याच होत्या. १९२२ साली बुवा गेले. त्यांचे कौतुक त्यांच्या देखत झाले, ते नवे ऐकणारे कान तेव्हा होते म्हणून. परदेशातही हेच. १७८५ साली व्हिएन्नात मोझार्टने आपल्या घरी चौघा वादकांची बैठक भरविली. रचना त्याच्या स्वतःच्या होत्या आणि ऐकायला वडीलधारा हायडन बसला होता. एक जिवंत संगीतकार दुसऱ्या जिवंत संगीतकाराला दाद देत होता, तीही घरातल्या लहानशा खोलीत!

पण आपल्या दादरा-नगर हवेलीला हे सांगण्यासाठी व्हिएन्नापर्यंत जाण्याचे कारण नाही. या भूमीवर एका संगीतकाराचे ऋण आहे. १९५४ साली पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला, तो येथील मुक्तिसंग्रामाला निधी मिळावा म्हणून. त्यासाठी खटपट करणारे सुधीर फडके तेव्हा पस्तिशीच्या घरात होते. पैसा उभा करून ते घरी बसले नाहीत. स्वयंसेवकांबरोबर स्वतः मोहिमेत उतरले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले.

त्यानंतर आठच महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले. गीते माडगूळकरांची, चाली फडक्यांच्या. एकूण छप्पन्न गीते. पुढच्या आठवड्याचे गीत कसे असेल याची वाट पाहत माणसे रेडिओपाशी बसत. मोहिमेत त्या तरुण संगीतकाराचे काही बरेवाईट झाले असते, तर त्या छप्पन्न चाली आपल्याला कधीच ऐकायला मिळाल्या नसत्या. संगीतकार हयात असणे म्हणजे काय, हे यावरून समजावे. त्याच्यापाशी अजून न झालेले गाणे असते.

आता आपल्या दाराशी या. भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांचा तारपा आपण सर्वांनी ऐकला आहे. तो फुंकणारा मध्ये, भोवती हातात हात गुंफलेला नाच, आणि त्याने चाल बदलली की पावलेही बदलतात. त्या चाली कोणी कागदावर उतरवून ठेवीत नाही. शिकणारा मिळाला नाही तर माणसाबरोबर चालही जाते.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. पूर्वी आपल्या कार्यक्रमांत गाणाऱ्याला आपण बिदागीचे पाकीट देत असू आणि तारपा वाजविणाऱ्याला जेवण. पत्रिकेत गायकाचे नाव मोठ्या टाइपात, आणि याच्यापुढे नुसते 'आदिवासी नृत्य'. ते पत्रिका छापून घेणाऱ्यांत मीही होतो. हे कोणाच्या लक्षात आले नाही असे नव्हे. कोणी बोलले नाही इतकेच. आज पत्रिकेत त्याचेही नाव आहे आणि बिदागी सर्वांना सारखी आहे. उपकार म्हणून हे केलेले नाही. उशिरा का होईना, देणे फेडले आहे.

आपणाकडे मागणे थोडेच आहे. बैठक लहान ठेवली आहे, ध्वनिक्षेपक नाही. नवी चाल पहिल्या ऐकण्यात मनात भरत नाही, म्हणून प्रत्येक रचना दोनदा होईल. पहिल्या खेपेला नुसती ऐका, दुसऱ्या खेपेला तिच्याशी ओळख होईल. आवडली तर मोकळी दाद द्या. नाही आवडली तर नंतर चहाच्या वेळी त्याला तसेच सांगा. तो समोर आहे, ऐकून घेईल, कदाचित चाल सुधारीलही. गेलेल्या संगीतकाराला आपण हारच घालू शकतो. जिवंत संगीतकाराशी बोलता येते.

आणि लहान मुलांना उठवून बाहेर नेऊ नका. आजची एखादी चाल पन्नास वर्षांनी जुनी म्हणून कोणी मागेल, तेव्हा "ती पहिल्यांदा झाली तेव्हा मी तेथे होतो," असे सांगणारा यांच्यातलाच कोणी असेल.

तंबोरे जुळलेले दिसतात.