खनिज तेल : जाळायचे किती, घडवायचे किती?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत विज्ञान शिकवले आणि ते मराठीतून शिकवले. बडोद्यात मराठीतून रसायनशास्त्राचे पहिले धडे गिरवून जी मुले पुढे कोयली, बाजवा, नंदेसरी येथील कारखान्यांत गेली, त्यांपैकी मी एक आहे. या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास आणि अध्यात्म यांवर थोरामोठ्यांची भाषणे झाली. त्या विषयांत मला गती नाही. ज्या वस्तूच्या वासातच माझी उमेद सरली, त्या खनिज तेलाविषयीच चार गोष्टी सांगाव्यात, असे मी ठरवले. विषय थोडा काळपट आहे, तो आपण गोड मानून घ्यावा.

या तेलाशी आपली ओळख जुनी आहे, हे आपली भाषाच सांगते. ‘रॉकेल’ हा शब्द मूळच्या ‘रॉक ऑइल’ या इंग्रजी शब्दांचे मराठी रूप, म्हणजे खडकातले तेल. ‘घासलेट’ हा शब्द ‘गॅसलाइट’वरून आला असे मानतात. परकीय शब्द इतका घासून गुळगुळीत व्हावा की तो परका होता हेच विसरले जावे, याला त्या वस्तूचा घरोघर वावर असावा लागतो. तसा तो होता. कंदील, चिमणी, स्टोव्ह ही त्याची घरे. तेल संपले तरी त्याचा पत्र्याचा डबा टाकून दिला जात नसे. कोणी त्यात धान्य भरी, कोणी त्याला दांडी लावून पाणी वाही, कोणी त्यात तुळस लावी. खनिज तेलाच्या उपयोगांची यादी करणाऱ्यांनी या डब्यालाही त्यात जागा द्यावी, असे मला नेहमी वाटते.

माणसाला हे तेल त्याहीपूर्वी ठाऊक होते. जमिनीतून आपोआप झिरपणारे डांबर मेसोपोटेमियातील लोक बांधकामात वापरीत. मोहेंजोदडो येथील सुप्रसिद्ध स्नानकुंडातून पाणी गळू नये म्हणून त्याच्या भिंतीतही डांबराचा थर दिलेला आढळला आहे. परंतु आधुनिक तेलयुगाचा आरंभ १८५९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात टायटसव्हिल येथे झाला असे धरतात. ड्रेक नावाच्या गृहस्थाने तेथे सुमारे ७० फूट खोल छिद्र पाडले आणि तेल मिळवले. आपल्या देशात आसामातील दिग्बोई येथे १८८९ मध्ये तेल सापडले आणि १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरण कारखाना सुरू झाला.

ड्रेकच्या काळी लोकांना या तेलातून हवे होते फक्त रॉकेल. दिवे लावायला देवमाशाची चरबी महाग पडू लागली होती, त्यामुळे रॉकेलाला गिऱ्हाईक होते. तेल उकळवताना रॉकेलाच्या आधी एक हलका, चटकन पेट घेणारा द्रव बाहेर पडे. त्याचे काय करावे हे कोणालाच कळेना. पुष्कळ ठिकाणी तो नदीनाल्यांत ओतून देत. तो द्रव म्हणजे आजचे पेट्रोल. पुढे विजेचा दिवा आला, रॉकेलाची मागणी उतरली आणि त्याच सुमारास मोटारगाडी आली. काल जे फेकत होते त्यासाठी आज राष्ट्रे एकमेकांशी भांडू लागली. टायटसव्हिलच्या विहिरींच्या पंपदांड्यांवर एक चिकट, मेणचट थर साचे. कामगार त्याला शिव्या देत, पण भाजले-कापले तर तोच जखमेवर चोळीत. चेसब्रो नावाच्या तरुण रसायनज्ञाने तो थर घरी नेला, शुद्ध केला आणि १८७२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. हिवाळ्यात आपल्या ओठांना लागणारे व्हॅसलीन ते हेच.

आता आपल्या अंगणात येऊ. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेज येथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल सापडले. परदेशी तज्ज्ञांपैकी अनेकांनी ‘भारतात तेल नाही’ असे सांगून ठेवले असताना केशवदेव मालवीय यांनी सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने तेल व नैसर्गिक वायू आयोगाकडून हे शोधकार्य करून घेतले, याची नोंद आपण ठेवली पाहिजे. या तेलासाठी कोयलीचा शुद्धीकरण कारखाना उभा राहिला आणि १९६५ मध्ये तो चालू झाला. १९६९ मध्ये पेट्रोरसायनांसाठी आयपीसीएल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढे २००२ मध्ये तिचे व्यवस्थापन खाजगी हाती गेले आणि २००७ मध्ये ती रिलायन्समध्ये विलीन झाली. मात्र बडोद्याला रसायनांची गोडी काही तेलाने लावली नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. तेथे त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा रसायनज्ञ रंगविद्या शिकवीत होता. १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिकचा पाया घातला. तेल सापडले ते या जाणकार जमिनीत. आपल्या गावाचा अभिमान म्हणून मी हे थोडे लांबवले, क्षमा असावी.

कच्चे तेल म्हणजे एक पदार्थ नव्हे, शेकडो पदार्थांचे ते मिश्रण आहे. त्यात वजनाने शेकडा ८३ ते ८७ भाग कार्बन आणि ११ ते १४ भाग हायड्रोजन असतो. उरलेल्यात गंधक, नायट्रोजन, प्राणवायू आणि किंचित धातू. अंकलेश्वरचे तेल हलके, तर मेहसाणा भागातील तेल जड आणि घट्ट. कारखान्यात हे तेल सुमारे ३५० अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. वायू माथ्यावरून निघतो, त्याखाली नाफ्था, मग रॉकेल, मग डिझेल, आणि तळाशी काळा गाळ. याहून अधिक तापवले तर रेणूच फुटू लागतात, म्हणून तळचा गाळ दुसऱ्या मनोऱ्यात हवेचा दाब जवळजवळ नाहीसा करून कमी उष्णतेत उकळवतात. त्यातून वंगणाचा कच्चा माल आणि मेण मिळते, आणि शेवटी उरते ते डांबर. दगडी कोळशापासून निघणाऱ्या डांबरालाही आपण हाच शब्द वापरतो, पण ती वस्तू निराळी. आपल्या रस्त्यांवर पडते ते तेलाचे.

या मनोऱ्यातून काय काय निघून आपल्यापर्यंत पोचते? स्वयंपाकघरात सिलिंडर आहे, हे सर्वांना दिसते. त्यातील प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंना स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून इथाइल मरकॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात. सुगंधासाठी आटापिटा करणाऱ्या जगात दुर्गंधीने इतके जीव वाचवावेत, हे मला फार आवडते. पण शेजारच्या तेलाच्या डब्याकडेही पाहा. घाण्यातून काढल्यावर पेंडीत जे खाद्यतेल उरते ते काढून घेण्यासाठी हेक्झेन हा द्रावक वापरतात आणि तो खनिज तेलातूनच येतो. मग तो उकळवून वेगळा करतात. कपडे धुण्याच्या भुकटीतील मुख्य द्रव्य रॉकेलातील सरळ साखळीचे रेणू आणि बेंझिन यांच्या संयोगातून होते. कोयलीत त्याचा कारखाना २००४ मध्ये सुरू झाला. पूर्वी फांद्या असलेल्या रेणूंपासून अशी भुकटी करीत. जिवाणूंना ते रेणू पचत नसत आणि युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगत. साखळी सरळ केली आणि जिवाणूंना घास गिळता आला. रेणूच्या आकारात एवढासा बदल, पण नदीच्या दृष्टीने केवढा मोठा!

नाफ्थ्यापासून पॅराझायलिन मिळते, त्यापासून पॉलिएस्टर. या सभागृहातील सुती वाटणाऱ्या अर्ध्याअधिक सदऱ्यांत ते असावे. प्रोपिलिनपासून ॲक्रिलिक तंतू होतो आणि त्याचे स्वेटर विणतात, ज्याला आपण सर्रास लोकर म्हणतो. बेंझिनपासून फिनॉल, फिनॉलपासून सॅलिसिलिक आम्ल आणि त्यापासून ॲस्पिरिन. हृदयविकाराच्या रुग्णाला डॉक्टर जी छोटी गोळी रोज घ्यायला सांगतात, तिचा कच्चा माल भूगर्भातून आलेला असतो. बाजवा येथील खत कारखान्याचे उत्पादन १९६७ च्या सुमारास सुरू झाले. नाफ्था किंवा नैसर्गिक वायू यांतून हायड्रोजन काढायचा, हवेतला नायट्रोजन त्याला जोडायचा आणि अमोनिया करून युरिया बनवायचा, अशी ही विद्या. म्हणजे ताटातल्या पोळीतही हा काळा द्रव परोक्षपणे आहेच. या भाषणाची पुस्तिका जेव्हा आपल्या हाती येईल, तेव्हा तिच्या शाईतील काजळीही जड तेल अपुऱ्या हवेत जाळून केलेली असेल.

प्लॅस्टिकविषयी मात्र मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण आज त्याला नावे ठेवणे ही सभ्यतेची खूण झाली आहे. पॉलिथिन १९३३ मध्ये इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत जवळजवळ अपघाताने सापडले. १९५३ मध्ये झिग्लर यांनी ते साध्या दाबाखाली बनवण्याची युक्ती शोधली, नात्ता यांनी पुढच्या वर्षी पॉलिप्रोपिलिन सिद्ध केले आणि १९६३ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही झाली पुस्तकी हकीकत. आता खेड्यातली विहीर आठवा. तांब्या-पितळेचा हंडा रिकामा असतानाच जड. तो भरून डोक्यावर घेऊन मैलभर चालणाऱ्या बाईच्या मानेला विचारा की प्लॅस्टिकची घागर आल्याने काय झाले. ओझे पाण्यापुरते राहिले. रक्तपेढीत पूर्वी काचेच्या बाटल्या असत. त्या फुटत, आणि पुन्हा पुन्हा धुवाव्या लागल्याने जंतुसंसर्गाची भीती राही. पिशव्या आल्या आणि रक्त देणे-घेणे सुकर झाले. एकदाच वापरून टाकायची सुई आणि सिरिंज हीही याच घराण्यातली. म्हणून माझा राग प्लॅस्टिकवर नाही. दहा मिनिटांच्या कामासाठी शेकडो वर्षे टिकणारी वस्तू वापरावी, या बेहिशेबीपणावर आहे.

हिशेबाचा प्रश्न निघालाच आहे, तर दुसरी बाजूही मांडतो. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी कोयलीत बेंझिनच्या साठवण टाकीत स्फोट होऊन आग लागली. त्यात माणसे गेली. धुराचा लोट गावातल्या गच्च्यांवरून दिसत होता. ज्या बेंझिनपासून ॲस्पिरिन होते आणि धुण्याची भुकटी होते, तेच हे बेंझिन. श्वासातून दीर्घकाळ शरीरात गेल्यास त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. आमच्या औद्योगिक पट्ट्यातील सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या कालव्याने पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून खंभातच्या आखातात सोडले जाते. १९८३ मध्ये हा कालवा सुरू झाला. त्याच्या काठच्या गावांतून विहिरींच्या पाण्याबद्दल तक्रारी येत राहिल्या आहेत. आपल्या शहराने पगार घेतले, वसाहती बांधल्या, शाळांना देणग्या मिळवल्या. त्या गावांच्या वाट्याला काय आले, हे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे आणि उत्तर देण्याचे दायित्व आम्हा रसायनवाल्यांवर आहे. निवृत्त झालो म्हणून ते टळत नाही.

आता मूळ प्रश्न. जगात निघणाऱ्या तेलापैकी ढोबळ मानाने दहा-पंधरा टक्केच पेट्रोरसायनांकडे जाते. बाकीचा बहुतांश भाग आपण जाळतो. थोर रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह १८७६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरी पाहून आले होते. तेल भट्टीत जाळणे म्हणजे नोटा जाळून चूल पेटवण्यासारखे आहे, असे त्यांचे मत सांगतात. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातील शेकडा ८५ हून अधिक भाग आज आयात होतो. म्हणजे त्या नोटाही आपण परकीय चलनात जाळतो.

यावर कोणी सहज म्हणेल की जाळणे थांबवा, औषधे आणि घागरी तेवढ्या करा. रसायनज्ञाला ते इतके सोपे वाटत नाही. पिंपातून आपल्याला हवा तेवढाच भाग काढून बाकीचा जमिनीत ठेवता येत नाही. नाफ्था घ्यायचा तर डिझेल आणि डांबर सोबत येणारच. जड रेणू फोडून हलके करण्याची विद्या १९१३ पासून उद्योगात आहे, पण तिला उष्णता लागते, हायड्रोजन लागतो, पैसा लागतो. तरीही वारे त्या दिशेने वळले आहे. वाहने विजेवर जाऊ लागल्यावर पेट्रोलची मागणी कधीतरी उतरेल हे तेलकंपन्यांनीही ओळखले आहे. कोयलीची क्षमता वर्षाला १.३७ कोटी टनांवरून १.८ कोटी टनांवर नेण्याचे काम हाती घेतले गेले, त्यात पॉलिप्रोपिलिन आणि वंगण यांचा समावेश केला आहे तो यामुळेच. रॉकेलासाठी उभी राहिलेली ही विद्या पेट्रोलकडे वळली होती, आता ती पेट्रोलकडून रसायनांकडे वळते आहे. गंधकाचेच पाहा. धुरातून ते हवेत सुटत असे. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत-६ मानकांनुसार पेट्रोल-डिझेलमध्ये ते दहा लाख भागांत केवळ १० भाग राहू शकते. काढलेले गंधक कारखाने विकतात आणि त्यापासून गंधकाम्ल होते. नियम कडक झाला तेव्हा हे घडले, आपोआप घडले नाही.

शेवटी अंकलेश्वरविषयी एक गोष्ट सांगून थांबतो. तेथील पहिल्या काळातील विहिरींना आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. तेल वर ढकलावे म्हणून जमिनीत पाणी दाबून भरावे लागते, आणि आज त्या क्षेत्रातून जो द्रव वर येतो त्यात तेलापेक्षा पाणीच पुष्कळ अधिक असते. हे पाणी आणि तेल वेगळे करण्यासाठी तेथे रात्रंदिवस माणसे काम करीत आहेत, आणि त्यांपैकी काही आपल्याच शाळेची मुले आहेत.