मुखदुर्गंधी, मशेरी आणि आपला संकोच

(ग्रामपंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



आजचा विषय काहीसा संकोचाचा आहे. एखाद्याच्या तोंडाला वास येतो, हे त्याला कोणी सांगत नाही. लोक फक्त दोन पावले दूर सरकतात. त्याला स्वतःला तो वास बहुधा जाणवत नाही. त्यामुळे उपाय सोपा असूनही हा त्रास वर्षानुवर्षे तसाच राहतो.

मुखदुर्गंधी पोटातून येते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः बहुतेक वेळा तिचा उगम तोंडातच असतो. दातांच्या फटींतील अन्नकण, हिरड्यांच्या कडेचे किटण आणि जिभेच्या मागील भागावरील थर यांत जंतू वाढतात. त्यांच्यामुळे प्रथिनांचे विघटन होऊन गंधकयुक्त वायू निर्माण होतात. झोपेत लाळ कमी स्रवते, म्हणून सकाळी वास अधिक येतो.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. जीभ मागून पुढे हलक्या हाताने स्वच्छ करावी. जेवणानंतर खळखळून चूळ भरावी. कवळी रात्री काढून, धुऊन ठेवावी. विटेची पूड किंवा कोळसा यांनी दातांवरचे कवच झिजते; ते टाळावे. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा स्वच्छता राखूनही वास जात नसेल, तर दंतवैद्यास दाखवावे.

परंतु आपल्या खेड्यापाड्यांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती मशेरीची. माझ्या लहानपणी चुलीवर तव्यात तंबाखू भाजली जाई, तेव्हा ठसक्याने सारे घर अंगणात येई. आई ती मशेरी रोज लावी. दात स्वच्छ होतात, वास जातो, ही तिची श्रद्धा होती. पुढे तिचे दात हलू लागले आणि माणसांत बसताना ती पदर तोंडाशी धरू लागली. मी गावोगावी आरोग्याची पत्रके वाटीत होतो. पण आईला एका शब्दाने बोललो नाही. अखेर तिच्या गालाच्या आतील पांढरा चट्टा डॉक्टरांनी पाहिला. सुदैवाने वेळ गेलेली नव्हती. मशेरी सुटली, पण ते श्रेय माझे नव्हे.

मशेरी हे दंतमंजन नव्हे, ती तंबाखूच आहे. तिचे व्यसन लागते, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गरोदर स्त्रीने ती लावल्यास बाळाचे वजन कमी भरण्याचा संभव असतो. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी केली. परंतु घरच्या तव्यापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे आपणच पोहोचले पाहिजे.

शिक्षकांनी परिपाठानंतर मुलांचे दात पाहावेत. मात्र चार मुलांसमोर कोणाला लाजवू नये. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तिचे पालन होते की नाही, हे पंचायतीने पाहावे. महिला सदस्यांनी मशेरीचा विषय महिला सभेत काढावा.

आणि आपण प्रत्येकाने आज घरी गेल्यावर, जे मी वेळेवर बोललो नाही, ते आपल्या माणसाशी प्रेमाने बोलावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.