तारेचे इंटरनेट येईना, तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा घरात जे प्रत्यक्ष पाहिले आणि केले, तेवढेच सांगते.

मार्च २०२४ मध्ये आमच्या मुलीचा लॅपटॉप बिघडला. तिच्या भावाने पूर्वी त्याची 'सिस्टीम इमेज', म्हणजे आतल्या सगळ्याची हुबेहूब नक्कल, वेगळ्या डिस्कवर करून ठेवली होती. ती परत चढविताच लॅपटॉप सुरू झाला. पण इंटरनेट काही येईना. त्याचे वायफाय आधीपासूनच नादुरुस्त, म्हणून सारी भिस्त तारेवर. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, आणि मोबाइलवर ते पान धड उघडत नव्हते. शनिवारची संध्याकाळ, दुरुस्तीवाला सोमवारी येणार. पोर रडकुंडीस आली. वर्षभराच्या फीचा प्रश्न होता.

मी म्हटले, "अगं, नळाला पाणी आले नाही तर आपण आधी तोटी पाहतो, मग टाकी. तसेच क्रमाने पाहू." मुलगा पुण्याहून फोनवर सांगत होता, मुलगी लॅपटॉपपुढे बसली, आणि मी वही घेतली.

प्रथम तार पाहिली. दोन्ही टोके 'टक्' आवाज होईपर्यंत बसविली. रूटरवरचा दिवा लागला. म्हणजे तार ठीक. दिवा न लागता, तर दुसरे भोक व दुसरी तार लावून पाहावयाची.

मग 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स' पाहिले. तेथे पिवळी खूण असती, तर ड्रायव्हर बिघडला असे समजावयाचे आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणावयाचा. आमच्याकडे खूण नव्हती.

तिसरे, 'कमांड प्रॉम्प्ट'मध्ये 'आयपीकॉन्फिग' लिहिले. तेथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर रूटरने पत्ता दिलाच नाही, असे समजावे. आमच्याकडे दिसला १९२.१६८.०.५०, आणि रूटरचा पत्ता १९२.१६८.१.१! येथेच मेख होती.

भगिनींनो, पंगतीत यजमान बसवील त्या पाटावर बसावे. गेल्या वर्षी दुसऱ्याच्या घरच्या पंगतीतला पाट धरून बसणाऱ्याला वाढणार कोण? ती नक्कल आम्ही जुन्या घरी राहत असताना घेतलेली. तिथल्या रूटरसाठी हाताने घातलेला पत्ता नकलेबरोबर परत आला होता. आधी तो वहीत उतरून घेतला, मग पत्ता आणि डीएनएस दोन्ही 'आपोआप मिळवा' यावर ठेवले. पाच मिनिटांत पान उघडले, आणि रात्री साडेदहाला अर्ज गेला.

एक खूण आणखी सांगते. 'पिंग ८.८.८.८' लिहिल्यावर उत्तर येते, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, असे असेल तर दोष बहुधा डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेत असतो.

यावरून मला एवढेच सांगावयाचे आहे. नक्कल जुने दिवस जसेच्या तसे परत आणते. म्हणून ती चढविल्यावर, 'मधल्या काळात घरात काय बदलले?' हा प्रश्न प्रथम विचारावा. नक्कल घेतल्यानंतरची कागदपत्रे तिच्यात नसतात, ती निराळी जपून ठेवावीत. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. हिशेबाची वही आपण सगळ्याच जणी ठेवतो. तीच सवय येथे कामास येते. यंत्र दिसले की "आपल्याला काय कळते" म्हणून दूर सरू नका.